अळंब्यांचा पत्ता

शुक्रवार, 15 ऑगस्ट 2025

आठ वाजता सोसायटीत झेंडावंदन होतं, म्हणून साडेसहालाच बोरिवली स्टेशनबाहेर पोचले. पावसाळ्यात या फुटपाथवर सकाळी जो बाजार भरतो, त्याला पाटी नाही की छप्पर नाही. डहाणूकडून येणाऱ्या पहाटेच्या गाड्यांनी बायका उतरतात, डोक्यावरचा भार खाली टेकवतात, प्लास्टिक अंथरतात आणि बाजार उभा राहतो. आज कंटोळी होती, टाकळा होता, कुरडू, भारंगी, अळूची बंडलं. शेवळं जूनमध्येच संपून गेली. मला यातलं काहीच नको होतं. तीन शनिवार मी अळंब्यांच्या मागावर होते आणि तिन्ही वेळा "आत्ताच संपली बाय" हेच ऐकून परतले होते.

आज मिळाली. एका मावशींच्या टोपलीच्या तळाशी, ओल्या फडक्याखाली, सागाच्या पानावर मांडलेले चार वाटे. मिटलेल्या छत्रीसारखी, करड्या-पांढऱ्या रंगाची, देठाला लाल माती. टोपीच्या मधोमध टणक टोक. जमीन फोडून वर यायचं तर भाल्याला फाळ हवाच. हे टोक म्हणजे वारुळावरच्या अळंब्यांची एक मोठी खूण. एकटी मात्र ती पुरेशी नाही, हे पुढे येईलच.

एका वाट्याचे चारशे सांगितले. वजन पाव किलोच्या आसपास असेल. मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "घ्यायची तं घे. दहापर्यंत राहायची नाहीत." घेतली. पैसे देताना सहज विचारलं,

"मावशी, कुठली ही?"

"रानातली."

"कुठल्या रानातली?"

"आमच्या."

एवढं बोलून त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाकडे मान वळवली. मग माझ्या लक्षात आलं, मी अगदी बावळट प्रश्न विचारला होता. कोळणीला कुणी समुद्रातली नेमकी जागा विचारतं का?

महाग का, याचं उत्तर मातीखाली आहे. ही अळंबी शेतात लावता येत नाहीत. बटण मशरूम किंवा धिंगरी पेंढ्या-भुश्शावर हवी तेवढी काढता येतात, पण हिची शेती माणसाला अजून जमलेली नाही. वाळवीला जमली आहे, आणि तीही सुमारे तीन कोटी वर्षांपासून. वाळवी लाकूड-पाचोळा चावून खाते आणि तिच्या विष्ठेतून वारुळाच्या पोटात स्पंजासारखी भोकाभोकांची पोळी रचली जाते. त्या पोळ्यांवर ही बुरशी वाढते, वाळवीला न पचणारा लाकडाचा भाग पचवून देते, आणि वाळवी ती खाते. पावसाळ्यात जमीन भिजली की त्या पोळ्यांतून लांब मुळासारखा देठ वर चढतो आणि आपल्याला दिसते ती छत्री उघडते. या कुळाला टर्मिटोमायसीस हे नाव रॉजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 मध्ये दिलं. आमच्याकडे नुसतं अळंबी म्हणून भागतं. विदर्भात सात्या म्हणतात.

घरी आले तर आई देवघरापाशी. पिशवीकडे एक नजर टाकून म्हणाली, "आज जन्माष्टमी. माझा उपास. आणि तू अळंबी घेऊन आलीस."

अळंबी शाकाहारात मोडतात की नाही, हा वाद आमच्या घरात आजीपासून चालू आहे. आजीचं म्हणणं, चवीला मटण लागतं ते श्रावणात चालायचं नाही. आजोबांचं म्हणणं, श्रावणात मटण चालत नाही म्हणूनच तर देवाने अळंबी दिली. आई अधली वाट धरते: श्रावणात खाते, उपासाच्या दिवशी शिवत नाही. आता प्रश्न ठेवायची कशी. अळंबं तोडलं तरी उमलायचं थांबत नाही, उमललं की लवकर किडे धरतं, आणि धुऊन ठेवलं तर सकाळी लगदा. म्हणून माती तशीच ठेवून, वर्तमानपत्रात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही, गुदमरून चिकट होतात.

रात्री बारा वाजता पाळणा झाला. सुंठवडा खाता खाता आई केळव्याबद्दल बोलत बसली. तिचं माहेर तिथलं. आजोबांच्या वाडीच्या पलीकडे कुठेतरी एक वारूळ होतं. आजोबा पहाटे कंदील घेऊन एकटेच जायचे आणि उजाडायच्या आत धोतराच्या सोग्यात अळंबी घेऊन परत यायचे. पोरांनी मागोमाग जायचा प्रयत्न केला की दुसऱ्याच वाटेने लांबचा फेरा मारून त्यांना चकवायचे. 1994 साली गेले. जागा कुणालाच सांगितली नाही, आजीलासुद्धा नाही.

"अजून येत असतील तिथे," आई म्हणाली. "कोण खात असेल कुणास ठाऊक."

शनिवार, 16 ऑगस्ट

रात्रभर धो-धो. सकाळी फोनवर रेड अलर्ट, आणि रस्त्यावर त्याची पर्वा न करता गोविंदांचे ट्रक. गोपाळकाल्याला पाऊस हवाच असतो, पण इतका?

फ्रिजमधल्या निम्म्या अळंब्यांनी रात्रीत छत्र्या उघडल्या होत्या. आईने पारणं सोडलं आणि पदर खोचला. साफ करणं हेच खरं काम, रांधणं त्यामानाने सोपं. देठाचं मातीचं टोक सुरीने खरवडायचं. टोपीच्या खालच्या पापुद्र्यांत माती आणि मुंग्या अडकतात, म्हणून हळद-मिठाच्या पाण्यात हलक्या हाताने बुचकळून काढायचं, पाणी बदलायचं, परत बुचकळायचं. आई पाच पाणी करते. मी तीनवर थांबले असते आणि दाताखाली खर लागली असती. देठ हाताने उभे फाडायचे. ते कोंबडीच्या उकडलेल्या मांसासारखे तंतूतंतूंनी सुटतात, आणि आजीची तक्रार तिथूनच सुरू होते.

आमच्याकडे अळंब्यांचं भुजणं करतात. भुजण्यात फोडणी नसते, हेच त्याचं मर्म. पातेल्यात दोन कांदे बारीक चिरून, त्यावर हिरवी मिरची-लसूण-कोथिंबिरीचं जाडसर वाटण, हळद, थोडं तिखट, मीठ, आणि बटाट्याच्या पातळ काचऱ्या. वरून सढळ हाताने कच्चं तेल. मग हे सगळं हाताने चोळायचं, कांदा पाणी सोडेपर्यंत. अळंबी सगळ्यात शेवटी, आणि ती चोळायची नाहीत, नुसती खालीवर करायची. दोन आमसुलं. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. आत पाण्याचा थेंबही घालायचा नाही. अळंब्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ती आपल्याच रसात शिजतात. मी एकदा घाईने अर्धी वाटी पाणी घातलं होतं, त्या दिवसाचा उल्लेख अजून होतो.

भुजणं शिजत असताना बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका. पावसाने सोसायटीच्या हिरवळीवर पांढऱ्या छत्र्यांचं गोल रिंगण उठलं होतं आणि काकांनी त्यातल्या सात-आठ पिशवीत भरून आणल्या होत्या. मोठ्या, ताटलीएवढ्या, वर तपकिरी खवले. "मोबाइलवर फोटो काढून बघितलं, खायच्या आहेत म्हणतंय. तुमच्याकडे आजच शिजतायत असं वासावरून कळलं, म्हटलं रेसिपी विचारावी."

आईने पिशवी बघितली आणि मलाच बघ म्हणून खूण केली. मी काकांना खाली बसवलं. हिरवळीवर उगवणाऱ्या या छत्र्या कोवळ्या असताना दिसायला इतक्या सोज्वळ असतात की माणसं यांना हटकून फसतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब, आणि तेही असे की सलाइनवर जावं लागतं. पापुद्रे पांढरे असेपर्यंत ओळखणं कठीण, मग हळूहळू त्यांना मळकट हिरवी झाक चढते.

"पण शिजवलं की विष जातं ना?" काका म्हणाले. "शेवळं नाही का खात आपण?"

प्रश्न चांगला होता. शेवळांनी घसा खाजतो तो त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, म्हणून त्यात काकडाची आंबट फळं घालायची आणि नीट शिजवायचं, की शेवळं माणसाळतात. छत्र्यांशी अशी तडजोड नसते. हिरवळीवरच्या या जातीवर शिजवण्याचा भरवसा ठेवता येत नाही, आणि अमानिटा नावाच्या कुळातल्या काही छत्र्यांचं विष तर उकळून, तळून, वाळवून कशानेच जात नाही. तिथे उलट्या सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि तोवर यकृत निकामी होत आलेलं असतं. काकांनी मग ठेवणीतली सगळी शस्त्रं काढली. भाजीत चांदीचं नाणं टाकायचं, लसूण काळा पडतो का बघायचं, गोगलगायीने कुरतडलं असेल तर माणसालाही चालतं. यातलं एकही खरं नाही. गोगलगाय अमानिटासुद्धा आनंदाने खाते. तिचं यकृत वेगळं, आपलं वेगळं.

शेवटी पैज लागली. काकांच्या पिशवीतली एक टोपी आणि माझ्या अळंब्यांतली एक उघडलेली टोपी, दोन्हींचे देठ कापून पांढऱ्या कागदावर उपड्या ठेवल्या, वर वाट्या झाकल्या. रात्रभरात पापुद्र्यांतली बीजाणूंची पूड कागदावर पडते आणि रंग दिसतो. काका बाकीची पिशवी घेऊन गेले. आई दारातून ओरडली, "भाऊ, सकाळपर्यंत चाखूसुद्धा नका हो!"

भुजणं तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्लं. चव सांगायचा प्रयत्न करत नाही. पातेलं भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतलं एवढंच लिहिते.

रविवार, 17 ऑगस्ट

कागद उचलले. माझ्या अळंब्याखाली फिकट गुलाबी रांगोळी उमटली होती, काकांच्या छत्रीखाली शेवाळासारखी हिरवी. फोटो पाठवला. काकांचं उत्तर आलं: "पिशवी टाकून दिली. हात दोनदा धुतले." हिरवळीवरच्या छत्रीची हिरवी पूड ही पक्की नापासाची खूण. गुलाबी पडली म्हणजे खायला हरकत नाही असं मात्र नव्हे. गुलाबी पूड पाडणाऱ्या विषारी जातीही आहेत.

आज आरेला जायचं होतं. ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीचं घर तिथल्या एका वारली पाड्यावर आहे. पाड्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. बोरिवलीला राहून आरेला कशाला, राष्ट्रीय उद्यान घराच्या पाठीमागे आहे, असं कुणी म्हणेल. आहे, 104 चौरस किलोमीटरचं आहे, आणि तिथल्या एका पानालाही हात लावायचा नाही. 1972 चा वन्यजीव कायदा त्यासाठीच आहे. मैत्रिणीच्या आत्याची मात्र घरामागे स्वतःची वाडी आहे, तिथलं जे उगवतं ते तिचं.

गोरेगाव पूर्वेहून बस. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे ओलांडून आरेच्या फाटकातून आत शिरलं की दोन मिनिटांत फोनमधल्या मुंबईपेक्षा वेगळी मुंबई सुरू होते. दूध वसाहत 1949 ची, पाडे त्याच्या कितीतरी आधीचे. उतरलो तेव्हा पाऊस तासाभरासाठी उघडला होता आणि झाडांखाली अजून टपटप चालू होतं. वाटेत वाघोबाचं ठाणं लागलं. बिबटे इथे रात्री फिरतात, म्हणून आत्या पहाटे एकटी वाडीत जात नाही. आमच्या आजोबांसारखा कंदिलाचा थाट इथे परवडणारा नाही.

आत्या साठीच्या, बारीक चणीच्या. पायात प्लास्टिकची चप्पल, हातात काठी. कोयता दारातच ठेवला. "वारुळाला लोखंड लावायचं नाय," म्हणाल्या. मागोमाग आम्ही दोघी. आधी मला वाटलं त्या जमिनीकडे बघत चालतील. त्या झाडांकडे बघत होत्या. हा आंबा, त्याच्या पुढे पडकी बांधावळ, मग सागाची जोडी. मग थांबून म्हणाल्या, "इथं गेल्या वर्षी गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी आली होती."

काही नव्हतं. पाचोळा आणि चिखल. मी पाय टाकणार तोच मैत्रिणीने दंड धरून मागे ओढलं. आत्या खाली बसल्या, काठीने पाचोळा बाजूला केला, आणि माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर मातीला भेगा पडलेल्या दिसल्या. भेगांतून करडी टोकं. एक, तीन, सात. मग डोळ्याला सवय झाली तशी सगळीकडेच. वारूळ म्हणजे उंच टेकाड अशी माझी समजूत, पण इथे सपाट जमीन होती. वाळवी खालीच राहते.

काठीने देठाभोवतीची माती सैल करायची, मग बोटांनी देठ धरून फिरवत वर ओढायचा. पहिलं अळंबं मी घाईने उपटलं आणि टोपी हातात आली, देठ जमिनीत राहिला. आत्या हसल्या. त्यांनी काढलेल्याचा देठ वर जेवढा, त्याच्या दुप्पट खाली, शेवटाला शेपटीसारखा निमुळता. ती शेपूट पार वाळवीच्या पोळ्यापर्यंत जाते. पोळं उकरायचं नाही. पूर्ण उमललेल्या चार-पाच तशाच ठेवायच्या. मी कारण विचारलं. "आपलं झालं, आता त्यांचं," एवढंच उत्तर.

जरा पुढे एका कुजक्या ओंडक्यावर लहानशा पांढऱ्या छत्र्यांचा गुच्छ होता, फार देखणा. मी वाकले. "ती नाय." विषारी आहेत का? "काय ठावं. आमी खात नाय." मी पुन्हा पुन्हा विचारलं, ओळखायचं कसं, खूण काय, टोक, रंग, वास. आत्यांना माझा प्रश्नच कळत नव्हता. त्यांच्या लेखी अळंबी ओळखायची नसतात, त्यांची जागा ओळखायची असते. आईच्या आईने दाखवलेली जागा, तीच तिथी, तोच गडगडाटानंतरचा ओलावा. अनोळखी जागेवर अगदी हुबेहूब अळंबं दिसलं तरी त्या घेत नाहीत. मी आदल्या रात्री कागदावर पूड पाडून जे सिद्ध केलं, त्यापेक्षा ही परीक्षा कडक आहे.

परतताना एका ठिकाणी त्यांनी काठीने सिमेंटच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. "हितं मोठं वारूळ होतं. टोपलीभर निघायची." रस्ता कधी झाला, ते त्यांनी सांगितलं नाही. दोन वर्षं कडेला बारकी-बारकी आली, मग बंद.

चुलीवर त्यांनी केलं ते भुजण्याहून साधं. अळंबी, मीठ, ठेचलेली हिरवी मिरची, हळद, सागाच्या पानांत बांधून निखाऱ्यांत पुरली. पान करपलं, आत तांबूस रंग उतरला, कोवळ्या सागाचा तो रंग उतरतोच. नाचणीची भाकर. खाताना आमच्यातलं कुणी बोललं नाही, फक्त पत्र्यावर परत सुरू झालेला पाऊस. मला वाटतं ही चव भुजण्यापेक्षा वरची होती. आईला सांगितलेलं नाही.

निघताना पानात बांधून थोडी दिली. मी फोटो काढले होते. आत्या जवळ येऊन म्हणाल्या, "फोटू कुणाला दाव, पण झाड दिसू देऊ नको."

सोमवार, 18 ऑगस्ट

पाऊस थांबायचं नाव नाही. दुपारच्या शाळांना सुट्टी, ऑफिसातून घरूनच काम करा म्हणून निरोप. श्रावणी सोमवार, म्हणजे आईचा पुन्हा उपास, आणि आत्यांनी दिलेली अळंबी फ्रिजमध्ये. ऊन असतं तर वाळवली असती. वाळलेली अळंबी वर्षभर टिकतात आणि रश्शात सोड्यांसारखी फुलतात. पण ऊन कुठलं? तव्यावर मंद आचेवर पाणी आटवून घेतली, रात्री उपास सुटल्यावर आई त्यांना सुक्या खोबऱ्याचं वाटण लावणार आहे.

दुपारी फोटो निवडायला बसले. वारुळाचे सहा होते. चारांत सागाची जोडी स्पष्ट, एकात बांध. ते पाच पुसले. उरलेल्यात नुसती आत्यांची बोटं, माती आणि सात करडी टोकं. पाठवायच्या आधी सहज तपशील उघडला तर फोनने नकाशावर नेमका ठिपका मारून ठेवला होता, पाड्याच्या नावासकट. तोही काढला.

मग फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत पुण्याच्या मावसभावाचा प्रश्न: "अरे वा! मुंबईत कुठे मिळाली?"

आई शेजारी बसून माझ्या स्क्रीनकडे बघत होती. मी लिहिलं, "बोरिवली स्टेशनबाहेर. लवकर जा, दहापर्यंत राहत नाहीत."

"अगदी बाबांवर गेलीस," आई म्हणाली आणि खोबरं किसायला घेतलं.